गंधाची लिपी उलगडणारी वाट

“गॅसचा वास येतोय का?” असे घरातल्या कुणी विचारायचा अवकाश, की सारे घर क्षणार्धात सावध होते. खिडक्या उघडल्या जातात, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद होतो, दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात मागे घेतला जातो. वस्तुतः सिलिंडरमधील वायूला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती ध्यानात यावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे अतिशय उग्र दर्पाचे रसायन अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते. घराची ही राखण आपण नाकाच्या आत अगदी वरच्या बाजूस असलेल्या, टपालाच्या तिकिटाएवढ्या एका नाजूक पडद्यावर सोपवलेली आहे, याची जाणीव एरवी आपल्याला नसते.

ती जाणीव २०२० मध्ये असंख्य लोकांना एकाच वेळी झाली. करोनाच्या साथीत अनेकांचा वास अचानक गेला. सकाळच्या चहाला गंध उरला नाही, फोडणी करपली तरी कळेना, आणि जेवण म्हणजे केवळ उदरभरण उरले. पंचेंद्रियांच्या यादीत नाव असूनही जे इंद्रिय कुणाच्या खिजगणतीत नव्हते, त्याची किंमत ते गेल्यावर कळली.

हे इंद्रिय काम करते तरी कसे? मोगरा आणि रॉकेल, भाजलेले शेंगदाणे आणि सडलेला बटाटा यांतला फरक डोळे मिटूनही आपण सांगतो, तो कशाच्या आधारावर? आश्चर्य म्हणजे विसाव्या शतकाची नऊ दशके उलटेपर्यंत या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. दृष्टी आणि श्रवण यांच्याविषयी ग्रंथ लिहिले जात होते. वासाच्या बाबतीत मात्र मुळाशीच अंधार होता. तो अंधार दूर करण्यास ज्यांचे काम कारणीभूत ठरले, त्या लिंडा बक यांनी वयाची अडतीस वर्षे होईपर्यंत घ्राणेंद्रियाचा गांभीर्याने विचारही केलेला नव्हता. त्यांची या विषयाकडे येण्याची वाट विज्ञानाच्या दृष्टीने जितकी महत्त्वाची, तितकीच आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी समजून घ्यावी अशी आहे.

उपेक्षित इंद्रिय

गंधाचे वर्गीकरण करणे किती कठीण, याचा अनुभव आपल्या पूर्वसूरींनीही घेतला होता. न्याय-वैशेषिक दर्शनात रूपाचे सात आणि रसाचे सहा प्रकार सांगितले आहेत. गंधाचे मात्र दोनच, सुरभी आणि असुरभी. मराठीत खमंग, खवट, कुबट, आंबूस, करपट असे कितीतरी शब्द असले, तरी त्यांना बांधणारी एखादी पद्धत आपल्याजवळ नाही. युरोपातही निराळे घडले नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हान्स हेनिंग यांनी १९१६ मध्ये सहा मूळ वासांची कल्पना मांडली. विसाव्या शतकाच्या मध्यास जॉन अमूर यांनी ती संख्या सात केली. यांपैकी कोणतीच मांडणी टिकली नाही.

त्यातच एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल ब्रोका यांच्या मांडणीतून मनुष्यप्राण्याचे नाक दुबळेच, अशी समजूत रूढ झाली. माणसाच्या मेंदूच्या आकाराच्या मानाने त्यातील गंधाचा भाग लहान, एवढ्यावर हा निष्कर्ष उभा होता. रटगर्स विद्यापीठातील जॉन मॅकगन यांनी २०१७ मध्ये या समजुतीची साधार चिकित्सा केली आणि ती एकोणिसाव्या शतकातील दंतकथा असल्याचे दाखवून दिले. परंतु तोवर जवळजवळ दीडशे वर्षे ती पाठ्यपुस्तकांत सुखाने नांदत होती. ज्या इंद्रियाला आधीच दुबळे ठरवले, त्याच्या अभ्यासात आयुष्य घालवायला कोण धजावणार?

विषयाची खरी अडचण आणखी खोल होती. प्रकाशाला तरंगलांबी असते, ध्वनीला कंप्रता असते. म्हणजे मोजायला पट्टी असते. गंधाला अशी एकच एक पट्टी नाही. कार्व्होन नावाच्या रसायनाचे उदाहरण घ्या. त्याचे दोन रेणू एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असावीत तसे असतात. अणू तेच, जोडणी तीच, केवळ उजव्या-डाव्या हातासारखा फरक. तरीही एकाला च्युइंगगममधल्या स्पिअरमिंटचा वास येतो, तर दुसरा बाळंतशेपांत आढळतो आणि त्याचा वास अगदी निराळा असतो. इतका सूक्ष्म फरक टिपणारी यंत्रणा नाकात असली पाहिजे, हे उघड होते. ती सापडत मात्र नव्हती.

वळणावळणाची वाट

लिंडा बक यांचा जन्म २९ जानेवारी १९४७ रोजी अमेरिकेतील सिॲटल शहरात झाला. वडील विद्युत अभियंता; फावल्या वेळात घराच्या तळघरात काही ना काही बनवत राहण्याचा त्यांना छंद. आई गृहिणी आणि शब्दकोडी सोडवण्यात रमणारी. तीन बहिणींमधील लिंडा ही मधली. कोडे दिसले की ते सोडवल्याशिवाय चैन पडू नये, हा वारसा तिला दोन्ही बाजूंनी मिळाला, असे म्हणता येईल.

विद्यापीठात जाताना मात्र शास्त्रज्ञ होण्याचा विचार तिच्या मनात नव्हता. इतरांना मदत करता येईल असे काहीतरी करावे, म्हणून मानसोपचाराकडे वळायचे तिने ठरवले होते. पुढे तेही पुरेसे वाटेना. मध्येच शिक्षण थांबवून तिने प्रवास केला, सिॲटलजवळच्या एका बेटावर काही काळ वास्तव्य केले, पुन्हा अभ्यासक्रम घेतले. अशात रोगप्रतिकारशास्त्राचा एक वर्ग तिने केला आणि आपल्याला काय करायचे आहे, ते तिला प्रथमच स्पष्ट झाले. मानसशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांतील पदवी तिच्या हाती आली ती १९७५ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात या टप्प्यावर काय बोलले गेले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. ‘वर्षे वाया घालवली’ हा त्यातला सर्वांत सौम्य अभिप्राय ठरला असता.

पदवीनंतर बक टेक्सासमधील डॅलस येथे गेल्या आणि १९८० मध्ये त्यांनी रोगप्रतिकारशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. शरीरात शिरणाऱ्या असंख्य अनोळखी रेणूंना रक्तातील पेशी वेगवेगळे कसे ओळखतात, हा या शास्त्राचा गाभा. तेथून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काही काळ त्याच विषयाचे काम केल्यावर, १९८२ मध्ये त्या रिचर्ड ॲक्सेल यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. तेथे पुन्हा विषय बदलला. याच विद्यापीठातील एरिक कँडेल हे ॲप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगाईच्या चेतासंस्थेचा अभ्यास करत होते. पुढे २००० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या गोगलगाईच्या एका चेतापेशीत काम करणारी, पण दुसरीत गप्प असलेली जनुके शोधण्याचे तंत्र बक यांनी विकसित केले.

मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र आणि आता गोगलगाईची चेतापेशी. वरवर पाहता या चार गोष्टींचा मेळ बसत नव्हता.

एक शोधनिबंध आणि एक निर्णय

हा मेळ बसला तो १९८५ मध्ये. गोगलगाईवरचे काम संपत आलेले असताना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सोलोमन स्नायडर यांच्या गटाचा एक शोधनिबंध बक यांच्या वाचनात आला. वास ओळखला जाण्याच्या संभाव्य प्रक्रियांची चर्चा त्यात होती. हजारो वेगवेगळी रसायने नाक ओळखते कसे, आणि त्यातून मेंदूत वेगवेगळ्या वासांची जाणीव उमटते कशी? या कोड्याने त्यांना झपाटून टाकले. रोगप्रतिकारशास्त्रात असंख्य रेणू ओळखण्याचा प्रश्न त्यांनी जवळून पाहिला होता, गोगलगाईवर काम करताना विशिष्ट पेशीतली जनुके वेचून काढण्याची कला हाती आली होती, आणि मनाचे व्यापार समजून घेण्याची ओढ तर विद्यार्थिदशेपासूनची. एकमेकांशी संबंध नसलेले वाटणारे सारे शिक्षण या एका प्रश्नापाशी येऊन मिळाले.

गोगलगाईचे काम पूर्ण झाल्यावर, १९८८ मध्ये बक यांच्यापुढे दोन मार्ग होते. स्वतंत्र नोकरी शोधून स्थिर व्हावे, किंवा ॲक्सेल यांच्याकडेच राहून, यश मिळेल याची कोणतीही हमी नसलेल्या या कोड्यामागे लागावे. वय एकेचाळीस. डॉक्टरेटनंतरची उमेदवारी आठ वर्षांची झालेली. अशा वेळी त्यांनी दुसरा मार्ग निवडला.

तीन गृहीतके

नाकातील पडद्यात लक्षावधी चेतापेशी असतात. त्यांच्या टोकांवर हवेतील रेणू पकडणारी काही प्रथिने असावीत, असा तर्क होता. कुलपात किल्ली बसावी तसा गंधाचा रेणू त्यांत बसतो आणि पेशी मेंदूकडे संदेश धाडते. अशा प्रथिनांना ग्राही प्रथिने म्हणतात. ती शोधण्याचे अनेकांचे प्रयत्न तोवर फसले होते.

बक यांनी काम सुरू केले ते तीन गृहीतकांवर. पहिले, ही प्रथिने एका परिचित घराण्यातील असावीत. कारण वास घेताना पेशीत घडणारी रासायनिक साखळी त्या घराण्याच्या ग्राहींशी जुळते, असे पुरावे १९८५ पासून मिळू लागले होते. दुसरे, वास जर इतके विविध, तर ही प्रथिनेही एकमेकांसारखी असूनही पुष्कळ प्रकारची असावीत. तिसरे, ती फक्त नाकातील पडद्यातच तयार होत असावीत. तिन्ही अटी एकदम पूर्ण करणारी जनुके शोधायची, अशी ही योजना होती.

साधन होते पीसीआर. करोनाच्या काळात नाकात कापसाची काडी घालून केलेल्या चाचणीमुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. जनुकाच्या एखाद्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारे हे तंत्र तेव्हा नवे होते. बक यांनी उंदराच्या जातीतील घुशीसारख्या प्राण्याच्या, म्हणजे रॅटच्या, नाकातील पडद्यावर ते वापरले आणि अनेक जनुकतुकडे मिळवले. आता त्यांतला हवा तो कसा ओळखायचा?

येथे त्यांनी लढवलेली युक्ती मोठी सुंदर आहे. समजा, दहा हात लांबीच्या दोऱ्यांची एक जुडी आहे आणि आपली कात्री फक्त लाल खुणेपाशीच कापते. सारे दोरे हुबेहूब सारखे असतील, तर ते एकाच ठिकाणी कापले जातील आणि मिळणाऱ्या निरनिराळ्या लांबींची बेरीज दहा हातच भरेल. पण दोरे दिसायला सारखे असूनही त्यांवरील खुणा निरनिराळ्या जागी असतील, तर कितीतरी वेगवेगळ्या लांबीचे तुकडे पडतील आणि त्यांची बेरीज दहा हातांच्या कितीतरी पुढे जाईल. बक यांनी जनुकतुकड्यांच्या प्रत्येक जुडीवर रासायनिक कात्री चालवली. एका जुडीतल्या तुकड्यांची बेरीज मूळ लांबीपेक्षा बरीच अधिक भरली. याचा अर्थ त्या एका जुडीत अनेक भावंडे दडलेली होती. गंधाचे घराणे सापडले होते.

‘सेल’ या नियतकालिकाच्या एप्रिल १९९१ च्या अंकात बक आणि ॲक्सेल यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात अशा १८ जनुकांचे वर्णन होते. उंदरांमध्ये त्यांची संख्या हजाराच्या घरात असल्याचे पुढे स्पष्ट झाले. माणसात अशी सुमारे ४०० जनुके कार्यरत आहेत. जवळपास तितकीच उत्क्रांतीच्या ओघात निकामी होऊन पडली आहेत. माणसाची एकूण जनुके वीस हजारांच्या आसपास. त्यांतली चारशे केवळ वासासाठी! डोळ्यांना रंग ओळखण्यासाठी तीन प्रकारच्या ग्राही पुरतात, हे ध्यानात घेतले म्हणजे निसर्गाने या ‘दुबळ्या’ इंद्रियावर किती खर्च केला आहे, ते कळते.

गंधाची बाराखडी

त्याच वर्षी बक यांना हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. पुढील काळात बक आणि ॲक्सेल यांनी स्वतंत्रपणे काम करत चित्र पूर्ण करत नेले. नाकातील प्रत्येक चेतापेशी आपल्याजवळच्या शेकडो जनुकांपैकी एकच निवडते. एकच ग्राही असलेल्या पेशी पडद्यावर विखुरलेल्या असल्या, तरी त्यांचे तंतू मेंदूच्या पुढील भागातील गंधकंदात ठरावीक ठिकाणी एकत्र येतात.

पण चारशे ग्राहींवर त्याहून कितीतरी अधिक वास कसे ओळखले जातात? याचे उत्तर बक यांच्या प्रयोगशाळेने जपानी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये दिले. एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देते आणि एक रेणू अनेक ग्राहींना जागे करतो. प्रत्येक वासाची ओळख म्हणजे जाग्या झालेल्या ग्राहींचा एक विशिष्ट संच. मोजक्या मुळाक्षरांतून असंख्य शब्द घडावेत, तसाच हा प्रकार. अक्षर एखादेच बदलले तरी शब्दाचा अर्थ बदलतो. तसेच रेणूत थोडासा फरक पडला, की जागे होणारे ग्राही बदलतात आणि संत्र्याची आठवण देणारा वास घामट होतो. रेणूंचे प्रमाण वाढले तरी संच बदलतो. मोगऱ्याच्या गंधात अल्पांशाने असणारे इंडोल दाट झाले की दुर्गंधी वाटते, ते बहुधा याचमुळे.

गंधकंदातून निघालेले संदेश भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे अगदी जवळच्या वाटेने जातात. इतर इंद्रियांच्या संदेशांना आधी मेंदूच्या मध्यभागातील एका ठाण्यावर थांबावे लागते. गंधाला ते बंधन नाही. ट्रंकेतील जुन्या साडीच्या वासासरशी आजी समोर उभी राहते, त्यामागे मेंदूची ही रचना असावी.

या कार्यासाठी २००४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक बक आणि ॲक्सेल यांना विभागून देण्यात आले.

कुलाब्याची फळमाशी

गंधसंशोधनाच्या या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे, आणि ते अमेरिकेतील शोधाच्या आधीचे आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी फळमाशीच्या चव आणि वास या संवेदनांचा जनुकीय अभ्यास १९७० च्या दशकात सुरू केला. पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणारी तीच ही माशी. त्यांच्याकडे एक तरुण विद्यार्थिनी आली, वेरोनिका रॉड्रिग्ज. मूळ गोमंतकीय कुटुंबातली, जन्म केनियातील नैरोबीचा, पदवी आयर्लंडमधील डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाची, आणि संशोधनासाठी निवडली ती मुंबई. काही ठरावीक वास ओळखू न शकणाऱ्या माश्यांच्या जाती शोधून, त्यांच्या जनुकांतील दोषावरून गंधाच्या मार्गाचा माग घ्यायचा, अशी ही पद्धत होती. सिद्दिकी आणि रॉड्रिग्ज यांचा त्याविषयीचा निबंध १९७८ चा आहे. फळमाशीतील गंधग्राहींची जनुके प्रत्यक्ष सापडली ती १९९९ मध्ये, अमेरिकेत. रॉड्रिग्ज यांचे २०१० मध्ये आणि सिद्दिकी यांचे २०१३ मध्ये निधन झाले. त्यांनी घडवलेले विद्यार्थी आजही देशात हा विषय पुढे नेत आहेत.

नोबेलनंतरची कसोटी

बक यांच्या वाटेवरचे आणखी एक वळण सहसा सांगितले जात नाही. ते सांगायला हवे. त्यांच्या प्रयोगशाळेतून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या निबंधातील निष्कर्ष पुढे त्यांच्याच सहकाऱ्यांना पुन्हा मिळेनात. मूळ नोंदी तपासल्यावर त्या आणि छापलेली माहिती यांत विसंगती आढळली. बक यांनी तो निबंध २००८ मध्ये मागे घेतला; २०१० मध्ये आणखी दोन निबंध मागे घेण्यात आले. नोबेल ज्यासाठी मिळाले, त्या कामाचा यांच्याशी संबंध नव्हता. तरीही जगाने गौरवलेल्या व्यक्तीने ‘हे आम्हाला पुन्हा करून दाखवता येत नाही’ असे जाहीर करणे सोपे नसते. स्वतःचे निष्कर्ष पुन्हा पुन्हा तपासून पाहणे हा विज्ञानाचा धर्म आहे, आणि तो पारितोषिकानंतरही सुटत नाही.

उरलेले कोडे

गंधाची अक्षरे मिळाली, म्हणून साहित्य वाचता आले असे होत नाही. मानवी गंधग्राहीला चिकटलेला गंधरेणू त्याच्या त्रिमितीय रचनेसह प्रथम दिसला तो २०२३ मध्ये. माणूस नेमके किती वास ओळखू शकतो, यावरही एकमत नाही. ही संख्या किमान एक लाख कोटी, म्हणजे एकावर बारा शून्ये, असल्याचा दावा २०१४ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी त्यामागच्या गणितावर गंभीर आक्षेप घेतले गेले.

दरम्यान या संशोधनाचा उपयोग रुग्णांच्या दारापर्यंत आला आहे. करोनाचा विषाणू प्रामुख्याने वासाच्या चेतापेशींवर नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो, असे २०२० मधील संशोधनातून दिसले. बहुतेकांचा वास परत का आला, त्याचा उलगडा त्यातून होतो. नाकातील चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, ही निसर्गाची आणखी एक कृपा. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास रोज दोन वेळा, काही महिने, लक्षपूर्वक घेण्याचा साधा व्यायाम अनेकांना उपयोगी पडतो, असे जर्मनीतील अभ्यासात २००९ मध्ये दिसून आले होते. कंपवाताच्या पुष्कळ रुग्णांत हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी वास मंदावलेला असतो. म्हणून सर्दी नसताना वास कमी होत असेल, तर ‘वयोमानाप्रमाणे चालायचेच’ असे न म्हणता डॉक्टरांना सांगणे शहाणपणाचे.

लिंडा बक यांच्या वाटेकडे मागे वळून पाहिले, तर त्यातले एकही वर्ष वाया गेले असे म्हणता येत नाही. मात्र हे आज, उत्तर माहीत असताना दिसते. १९७५ मध्ये, किंवा अगदी १९८८ मध्येही, ते कुणाला दिसणे शक्य नव्हते. खुद्द बक यांनाही नाही. त्यांच्याजवळ होता तो फक्त एक प्रश्न, सोडून देता न येणारा. आपल्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी अभ्यासाची शाखा बदलू म्हणत असेल, पदवीला उशीर लावत असेल, तर ‘वर्षे वाया चालली’ असे म्हणण्याआधी, त्याला किंवा तिला असा एखादा प्रश्न सापडला आहे का, एवढे तरी विचारून पाहावे.